शून्याने भागले तर? भास्कराचार्यांचे उत्तर

शून्याने भागू नये, असे शाळेत शिकवतात. का भागू नये, हे फारसे कुणी सांगत नाही. पावणेनऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरातील एका गणितज्ञाने या प्रश्नाला हात घातला होता.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर ज्योतिषी, तेच त्यांचे गुरू. त्यांचे गाव विज्जलविड. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात ते असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग.

शून्य ही केवळ रिकामी जागा नसून संख्या आहे, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच नियम देऊन मांडले होते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार जमले. भागाकार मात्र अडला. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला ‘खहर’ म्हटले. ‘ख’ म्हणजे शून्य, ‘हर’ म्हणजे छेद. ही राशी अनंत, तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्यामागचा तर्क औषधाच्या बाटलीवरून कळतो. दहा मिलिलिटर औषधाचे एक मिलिलिटरचे दहा डोस होतात, ०.१ चे शंभर, ०.०१ चे हजार. डोस शून्याकडे सरकतो तशी संख्या अफाट वाढते. पण डोसच शून्य असेल, तर तो कितीही वेळा घेतला तरी बाटली संपणार नाही. म्हणून आजचे गणित या भागाकाराला उत्तरच देत नाही. एखाद्या संख्येला शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागले की मूळ संख्या परत मिळते, असेही भास्कराचार्यांनी मानले. तिथे ते चुकले. पाच आणि सात, दोघांनाही शून्याने गुणले की शून्यच येते. मग परत पाच मिळणार की सात?

तरीही शून्याच्या अगदी जवळ जाण्याची त्यांची दिशा बरोबर होती. ग्रहाची एखाद्या क्षणाची गती काढताना त्यांनी तोच विचार वापरला. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांचे कलनशास्त्र याच विचारावर उभे राहिले. आज कृष्णविवराच्या केंद्राशी समीकरणे अनंत घनता दाखवतात, तेव्हा आपला सिद्धान्त तिथे अपुरा पडतो, असा अर्थ भौतिकशास्त्रज्ञ घेतात.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. पुढे नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला तो एका डॉक्टरने: मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.