मुख्याध्यापक स्वामी

दरसाल १७ सप्टेंबर रोजी बीड जिल्ह्यातील शाळांतून ध्वजारोहण होते, स्वामी रामानंद तीर्थांच्या तसबिरीस हार पडतो, पाठ केलेली भाषणे होतात व मुले घरी जातात. ज्यांची ही तसबीर, ते उमेदीच्या वयात याच जिल्ह्यात मुख्याध्यापक होते. म्हणूनच, त्या सोहळ्यात विद्यार्थ्यास प्रश्न विचारावयास जागा नसावी हे आम्हांस खटकते.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव; जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, सिंदगीचा. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून ते एम. ए. झाले, ना. म. जोशी यांच्या हाताखाली मजूर चळवळीत राबले व मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. संन्यास घेतला, पण मठ धरला नाही. भगव्या वस्त्रांनिशी ते फळ्यापाशीच उभे राहिले. पुढे अंबाजोगाईस, म्हणजे निजामी अमदानीतील मोमिनाबादेस, योगेश्वरीच्या शाळेची धुरा त्यांनी वाहिली. संस्थानात तेव्हा ५३ क्रमांकाची गश्ती लागू होती. जाहीर सभेस सरकारी परवानगी लागे. अशा राज्यात शाळेच्या वर्गाचे मोल काय असेल, हे वाचकांस सांगणे नको.

१९३८ साली शाळा सोडून ते राजकारणात उतरले. स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिजवर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी तुरुंगात गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वी गांधीजींच्या सल्ल्याने तो स्थगित झाला. बंदी मात्र १९४६ पर्यंत उठली नाही. मग स्थगिती योग्य होती काय? आर्यसमाज व हिंदुमहासभा यांचाही लढा त्याच वेळी चालू असल्याने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी जातीय ठरण्याचे भय होते, ही एक बाजू. तापलेले लोकमत निवू दिले, ही दुसरी. हा खटला नववीच्या वर्गापुढे उभा करावा, दोन्ही पक्षांस वकील द्यावेत, आणि प्रत्येक विधानास पुरावा मागावा. उलटतपासणीवाचून साक्ष ग्राह्य धरण्याची सवय न्यायालयात चालत नाही. ती शाळेतच का लावावी?

यावर शिक्षकवर्गातून आक्षेप येतो की, अशाने पोरे उद्धट होतील. हैदराबाद संस्थान अखंड राहावे असे पंडित नेहरूंचे मत असता, स्वामींनी त्याच्या भाषावार त्रिभाजनाचा पक्ष उघडपणे मांडला, तोही नेहरूंच्याच पक्षाचे खासदार असताना. १९५६ साली त्रिभाजन झाले. त्यानंतर १९५७ साली त्याच पक्षाने त्यांना औरंगाबादहून पुन्हा लोकसभेस उभे केले, व ते निवडून आले.