दारू न वाढलेलं बारसं

मैत्रिणींनो, गाडगेबाबा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर, अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव मिळालं आणि बाबा व झाडू ही जोडी अगदी पक्की झाली. पण गावातली आणखी एक घाण काढायला बाबा जन्मभर झटले, ते मात्र आपण विसरत चाललोय. ती घाण म्हणजे दारू. आणि त्या कामाची सुरुवात झाली घरातल्याच एका कार्यातून, लेकीच्या बारशातून!

बाबांचं खरं नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. घर परिटाचं. वडील झिंगराजी, आई सखुबाई. त्या काळी देवाचा नवस फेडायचा म्हणजे बोकड कापायचा आणि दारू आणायची, अशीच रीत होती. सण असो, लग्न असो, बारसं असो, दारूशिवाय पंगत उठायची नाही. झिंगराजी काही जन्मतः व्यसनी नव्हते. चारचौघांत बसून, आग्रहाखातर, देवाच्या नावाने घेता घेता दारूने त्यांनाच धरलं. संसार धुऊन निघाला. १८८४ मध्ये ते गेले तेव्हा देबू जेमतेम आठ वर्षांचा होता.

सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. नवरा दारूने गेलेला, पदरात लहान मूल, आणि भावाच्या दारात राहायचं! ही वेळ कशी असते, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना वेगळं सांगायला नको. देबू मामाची गुरं राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरला. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली आणि त्या धक्क्यात मामाही गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबू त्यांना आडवा गेला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. दारू, कर्ज आणि अडाणीपण या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, एक घरात शिरली की उरलेल्या दोघी मागोमाग येतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१८९२ मध्ये देबूचं कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली आणि बारशाचा दिवस आला. भाऊबंद जमले. सगळ्यांना ठाऊक होतं की आता मटण शिजणार, दारू येणार. देबूने मात्र पानात गोडधोड वाढलं, बुंदीचे लाडू ठेवले. दारूचा थेंब नाही की मटणाचा तुकडा नाही.

आज वाचताना ही गोष्ट छोटी वाटते. पण जातीची रीत मोडणं तेव्हा किती कठीण होतं, याचा जरा विचार करा. भाऊबंद रुसणार, चार ठिकाणी नाव ठेवणार, उद्या आपल्या घरच्या कार्याला येणार नाहीत. ही भीती प्रत्येक घराला असते. म्हणूनच कित्येक जण मनात नसतानाही दारू ठेवतात. देबूच्या घरी ती भीती बाजूला ठेवली गेली. चरित्रांतून याचं श्रेय देबूला मिळतं आणि ते रास्तच आहे. पण त्या घरात सखुबाई होत्या, कुंताबाई होत्या. दारूपायी कुंकू पुसलं गेलेली सासू आणि नुकतीच बाळंत झालेली सून यांचं पाठबळ नसतं, तर ती पंगत उठली असती का?

या बारशात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. देबूने कुठल्या दारुड्याला धरून उपदेश केला नाही. दारू ज्या वाटेने घरात येते, ती वाट त्याने बंद केली. पोरगं पहिल्यांदा पेला हातात घेतं ते गुत्त्यावर जाऊनच घेतं असं नाही. कार्यात, मोठ्यांच्या देखत, कुणा काका-मामाच्या आग्रहाने घेतं. झिंगराजींचं तेच झालं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला देबूने घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं तो गावोगाव हिंडला. बाबांची पद्धत ठरलेली. गावात शिरायचं ते खराटा घेऊनच. दिवसभर रस्ते झाडायचे. हा कोण वेडा म्हणून माणसं जमायची, मग लाजेने का होईना तीही झाडायला लागायची. पाटील, मास्तर, दुकानदार, मजूर, सगळ्यांच्या हाती झाडू. संध्याकाळी कीर्तन. त्यात बाबा सांगायचे कमी आणि विचारायचे जास्त. दारूने कुणाचं भलं झालं का, बोकड कापून देव पावतो का, कर्ज काढून सण करावा का, असे साधे प्रश्न. उत्तर समोरच्या माणसांनी द्यायचं, तेही मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. पिणारा माणूसही तिथेच बसलेला असायचा आणि नाही म्हणणाऱ्यांत त्याचाही आवाज मिसळायचा. एकट्याने घेतलेली शपथ घरी जाईपर्यंत विरते. गावाने मिळून दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी चावडीवरही आठवतं.

दुसरं म्हणजे, नुसतं सोडा म्हणून बाबा थांबले नाहीत. जत्रेत दारू आणि बळी थांबवायचे तर तिथे अन्नदान, घाट, धर्मशाळा उभ्या केल्या. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, मूर्तिजापूर इथे धर्मशाळा झाल्या. दारूचा पैसा पोराच्या शाळेला लावा, हे ते तळमळीने सांगत, आणि पोरांसाठी शाळा, वसतिगृहंही निघाली. यातलं काही त्यांनी एकट्याने केलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील, तुकडोजी महाराज यांच्याशी त्यांचा जिव्हाळा होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःच्या नावावर मात्र काही ठेवलं नाही.

त्याच १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. कायदा झाला म्हणून बाबांनी कीर्तनातला दारूचा विषय सोडला नाही. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे त्यांचं अखेरचं गाजलेलं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

वांद्र्याहून सुटणारी लोकल आपल्या मीरा रोड-भाईंदरलाही येते. बाबांच्या वेळी इकडे मिठागरं, भातशेती आणि कोळीवाडे होते. राई, मुर्धे, मोर्वा, उत्तन, घोडबंदर, काशी ही गावं आजही आहेत, पण त्यांच्याभोवती टॉवर उभे राहिले. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. शेजारी कोण राहतो ते आता ठाऊक नसतं. आणि पोरांपुढे दारूबरोबरच गुटखा, गांजा, ई-सिगारेट आणि एमडीची पावडर आली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून. तरी माल मिळतोच, हे आपण सगळ्याच जाणतो. कायद्याला डोळे लागतात आणि ते डोळे गल्लीतल्या माणसांचेच असावे लागतात.

मग आपण काय करायचं? सुरुवात बाबांसारखी घरातल्या कार्यापासून करता येईल. हळदीची रात्र, बारसं, मुलाच्या नोकरीची पार्टी यांत दारू ठेवायची नाही, हे एका घराने ठरवलं तर ते कंजूष ठरतं. आळीतल्या दहा घरांनी मिळून ठरवलं तर ती रीत होते! महिला मंडळ, बचत गट, सोसायटीची कमिटी, शाळेतला पालक संघ यांनी एकत्र बसून हे बोलावं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. एकटी आई टपरीवाल्याशी भांडली तर तिला हसतील. मुख्याध्यापक, नगरसेवक आणि पंधरा आया मिळून गेल्या तर टपरी हलते. आणि दारूचं दुकान नको असेल तर राज्याच्या २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदार मतदानाची मागणी करू शकतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर मत दिलं, तर दुकान बंद होतं.

पोरगं आधीच अडकलं असेल, तर मात्र लाज धरून दार लावून बसू नका. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइनही मोफत आहे. झिंगराजींच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

आपल्या हातात पंगत आहे, मत आहे आणि शेजारीण आहे. येत्या लग्नसराईत तुमच्या घरी कार्य असेल, तर आमंत्रणाची यादी करायच्या आधी शेजारणींना एकदा चहाला बोलवा आणि पानात काय वाढायचं, पेल्यात काय नाही वाढायचं, ते सगळ्या मिळून ठरवा. लाडू तर आपल्याला करता येतातच!