विश्लेषण : सर हम्फ्रे डेव्ही आणि ‘लाफिंग गॅस’... गमतीच्या फुग्यातला धोका शास्त्रज्ञालाही का दिसला नाही?

पार्टीत फुग्यातून ओढला जाणारा ‘लाफिंग गॅस’ म्हणजे नायट्रस ऑक्साइड ही आजची टूम नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात विशीतला एक तरुण हा वायू रेशमी पिशवीतून ओढत होता, मित्रांनाही देत होता आणि प्रत्येक वेळी काय वाटले याची नोंद ठेवत होता. तो तरुण म्हणजे पुढे पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी करणारे आणि खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा तयार करणारे सर हम्फ्रे डेव्ही. त्यांनी या वायूचा जवळपास प्रत्येक परिणाम टिपला. मात्र आज तरुणांना व्हीलचेअरपर्यंत नेणारा परिणाम त्यांच्या नोंदींत नाही. असे का झाले, हे समजून घेतले तर या वायूचा खरा धोकाही समजतो.

हम्फ्रे डेव्ही कोण होते?

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. १७९४ मध्ये ते वारले, तेव्हा हम्फ्रे १५ वर्षांचे होते आणि घरची स्थिती बेताची होती. पुढच्याच वर्षी ते गावातील एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागले. औषधे घोटता घोटता रसायनशास्त्राची गोडी लागली. महाविद्यालयीन शिक्षण नसताना, पुस्तके वाचून आणि हाती येईल त्या भांड्यांत प्रयोग करून ते शिकले. १७९८ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. थॉमस बेडोज यांनी त्यांना ब्रिस्टलला बोलावून घेतले. क्षयासारखे रोग वेगवेगळे वायू हुंगवून बरे करता येतील का, हे तपासणारी ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ ही संस्था बेडोज उभारत होते. तेथील प्रयोगांची जबाबदारी जेमतेम विशीच्या डेव्ही यांच्यावर आली.

हा वायू त्यांनी स्वतःवरच का तपासला?

नायट्रस ऑक्साइड प्रथम तयार केला तो जोसेफ प्रिस्टली यांनी, १७७२ मध्ये. मात्र हाच वायू साथीचे रोग पसरवतो, असे मत एका अमेरिकी डॉक्टरने मांडले होते. डेव्ही यांना ते पटले नाही. १७९९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी शुद्ध वायू स्वतःच ओढून पाहिला. रोग तर झाला नाहीच; उलट अंगभर सुखद शिरशिरी आली, आवाज तीव्र वाटू लागले आणि हसू आवरेना. त्यानंतर काही महिने ते हा वायू वारंवार, कधी दिवसातून अनेकदा घेत राहिले. कवी सॅम्युएल टेलर कोलरिज आणि रॉबर्ट साउदी यांच्यासारखे मित्रही या प्रयोगांत सामील झाले. वाफेच्या इंजिनामुळे नावारूपाला आलेले जेम्स वॅट यांनी वायूसाठी लागणारी उपकरणे पुरवली. २६ डिसेंबर १७९९ रोजी डेव्ही एका बंद पेटीत सव्वा तास बसले आणि आत थोडा थोडा वायू सोडला जात राहिला. बाहेर येताच त्यांनी पिशवीतून आणखी वायू ओढला. दारूशी तुलना करण्यासाठी त्यांनी एकदा आठ मिनिटांच्या आत वाइनची अख्खी बाटलीही संपवली होती.

या प्रयोगांत जिवावर बेतले होते का?

हो, पण ते दुसऱ्या वायूंमुळे. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू ओढल्यावर डेव्ही मृत्यूच्या दारातून परतले. नायट्रिक ऑक्साइडने त्यांचे तोंड भाजले. त्या तुलनेत नायट्रस ऑक्साइड निरुपद्रवी वाटणे साहजिक होते. तरी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली : कुणी हा वायू ओढताना दिसले, किंवा नुसती पिशवी जरी नजरेस पडली, तरी पुन्हा ओढण्याची इच्छा जागी होते. आजच्या भाषेत हे सवय लागण्याचे लक्षण. याच काळात अक्कलदाढ सुजलेली असताना वायू घेतल्यावर वेदना थांबल्याचे त्यांच्या लक्षात आले. १८०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचशेहून अधिक पानांच्या ग्रंथात, फारसा रक्तस्राव होत नसलेल्या शस्त्रक्रियांत हा वायू उपयोगी पडू शकेल, असे त्यांनी सुचवले.

वेदनाशमनाची सूचना ४४ वर्षे का पडून राहिली?

कारण तोवर हा वायू करमणुकीचा विषय झाला होता. डेव्ही १८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. तेथील त्यांच्या व्याख्यानांना उच्चभ्रूंची गर्दी होई. १८०२ मध्ये जेम्स गिलरे यांनी तेथील वायूच्या प्रयोगाचे खिल्ली उडवणारे व्यंगचित्र काढले, त्यात हातात भाता घेतलेले डेव्हीही आहेत. पुढे जत्रांत आणि नाट्यगृहांत तिकीट लावून लोकांना वायू देण्याचे खेळ सुरू झाले. त्या चार दशकांत शल्यचिकित्सकाच्या टेबलावर रुग्णांना दोरीने बांधून, माणसांकरवी घट्ट धरून अवयव कापले जात होते.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात अशाच एका खेळात वायू घेतलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला वेदना जाणवलीच नाही. प्रेक्षकांतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ते हेरले आणि दुसऱ्याच दिवशी हा वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला. दंतवैद्यकात या वायूची वाट तेथून सुरू झाली. वेल्स पुढे स्वतःवरील क्लोरोफॉर्मच्या प्रयोगांतून व्यसनात अडकले आणि १८४८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, तुरुंगात त्यांचा करुण अंत झाला.

डेव्ही यांचे पुढे काय झाले?

ते वायूतून बाहेर पडले आणि विजेकडे वळले. १८०७ मध्ये त्यांनी विद्युतप्रवाहाच्या साह्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. १८१२ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १८१३ मध्ये त्यांनी मायकेल फॅरेडे या तरुणाला मदतनीस म्हणून घेतले. १८१५ मध्ये त्यांनी कोळसा खाणीतील ज्वलनशील वायूमुळे होणारे स्फोट टाळणारा दिवा बनवला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या ५० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वायू ओढूनही एवढे कर्तृत्व गाजवले, हा मात्र वायू सुरक्षित असल्याचा पुरावा नाही.

त्यांच्या नोंदीतून काय निसटले?

डेव्ही मोजत होते ती पुढची काही मिनिटे. खरा घाव बसतो तो काही आठवडे किंवा महिन्यांनी. शरीरातील ब-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूत मध्यभागी कोबाल्ट असतो. नायट्रस ऑक्साइड त्या कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करतो आणि ते जीवनसत्त्व निकामी होते. ब-१२ शिवाय मज्जातंतूंभोवतीचे संरक्षक आवरण नीट टिकत नाही. विजेच्या तारेवरचे प्लास्टिक झडावे, तसे हे आवरण झडते. मेंदूपासून पायापर्यंतचे संदेश अडखळू लागतात. डेव्ही यांना हे कळणे शक्यच नव्हते, कारण ब-१२ प्रथम वेगळे केले गेले ते १९४८ मध्ये.

आज तो कसा घेतला जातो आणि धोके कोणते?

केकवरचे क्रीम फुगवण्यासाठी या वायूच्या छोट्या पोलादी नळ्या मिळतात. त्यातून फुगा भरून तो ओढला जातो. अलीकडे मोठे सिलिंडरही वापरले जातात. नशा काही सेकंदांत चढते आणि दोनेक मिनिटांत उतरते, त्यामुळे एकामागून एक फुगे ओढले जातात. तात्काळ धोका असतो तो प्राणवायू कमी पडण्याचा. डोक्यावर पिशवी किंवा तोंडावर मास्क लावून अथवा बंद जागेत वायू घेतल्याने मृत्यू झाले आहेत. चक्कर येऊन पडणे, अपघात हेही नेहमीचे. सिलिंडरमधून थेट ओढल्यास अतिथंड वायूने ओठ आणि घसा गोठून जखमा होतात. दारूसोबत हे सर्व धोके वाढतात.

वारंवार घेणाऱ्यांत प्रथम पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात चालताना तोल जातो. पुढे पायांतील ताकद जाते, लघवीवरचा ताबा सुटू शकतो. काहींत रक्ताच्या गुठळ्या होतात. रक्तातील ब-१२ ची पातळी तपासणीत सामान्य दिसूनही जीवनसत्त्व निकामी झालेले असू शकते. म्हणून वायू घेतल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे आवश्यक असते. वापर पूर्ण थांबवणे आणि ब-१२ ची इंजेक्शने हा उपचार. अनेक जण काही महिन्यांत सुधारतात, पण काहींचे नुकसान कायम राहते. ब-१२ च्या गोळ्या घेत फुगे ओढणे हे संरक्षण नव्हे.

आपल्यासाठी हे अधिक महत्त्वाचे का?

ब-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. भारतात, विशेषतः शाकाहारींमध्ये, त्याची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळते. पुण्यात झालेल्या अभ्यासांतही ती दिसून आली आहे. ज्याचा साठा आधीच तोकडा आहे, त्याला कमी वापरातही इजा होऊ शकते. शिक्षणासाठी युरोपात गेलेल्या मुलांना हे फुगे पार्ट्यांत सहज समोर येतात, आणि तेथील कायदाही बदलला आहे. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून या वायूवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये ८ नोव्हेंबर २०२३ पासून तो अमली पदार्थांच्या ‘क’ वर्गात आहे. नशेसाठी बाळगल्यास दोन वर्षांपर्यंत, तर पुरवल्यास १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग दंतवैद्याकडे तो घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही. तेथे तो प्राणवायूत मिसळून, मोजून, थोड्या वेळासाठी आणि देखरेखीखाली दिला जातो. ब-१२ ची कमतरता असल्यास तेवढे आधी सांगावे. डेव्ही यांनी सुचवलेला उपयोग तो हाच. पार्टीतल्या फुग्यात वायू तोच असतो. पण तेथे ना माप असते, ना प्राणवायूची जोड, ना लक्ष ठेवणारे कुणी. फुगे ओढणाऱ्या कुणाच्या पायांना मुंग्या येत असतील, तर पुढच्या पार्टीची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.