कौल देणारी व्हिक्टोरिया

मागच्या वर्षी आमच्या धाकटीला शाळेत प्राचीन ग्रीसवर प्रोजेक्ट होतं. विषय होता डेल्फीची पिथिया. अपोलोच्या देवळात तिवईवर बसून ती देवाचा कौल सांगायची. युद्ध करावं का, नवी वसाहत कुठे वसवावी, हे विचारायला मोठमोठी राज्यं तिच्याकडे माणसं धाडायची. मी लेकीला म्हटलं, अगं, हे तर आपल्याकडचं अंगात येणं! मला आजोळची एक बाई आठवली. वर्षभर तिला घरात कुणी काही विचारत नसे. नवरात्रात तिच्या अंगात आलं की तोच नवरा, तेच सासरे हात जोडून पुढ्यात बसत.

पुस्तकं चाळताना कळलं की अशी एक बाई आपल्या ओहायोतही होऊन गेली. व्हिक्टोरिया वुडहल. जन्म २३ सप्टेंबर १८३८, आणि योगायोग बघा, गावाचं नाव होमर! कोलंबसहून तासाभराचा रस्ता.

वडील बक क्लॅफ्लिन म्हणजे भोंदू औषधं विकणारे गृहस्थ. व्हिक्टोरिया आणि धाकटी टेनेसी आत्म्यांशी बोलतात, भविष्य सांगतात, म्हणून त्यांनी लेकींनाच कमाईला जुंपलं. पंधराव्या वर्षी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. नवरा डॉक्टर, पण पक्का दारुडा. पहिल्या मुलाची बौद्धिक वाढ झालीच नाही. संसाराचा गाडा तिलाच ओढावा लागला.

आपल्याला अथेन्सचा थोर वक्ता डेमोस्थेनिस मार्गदर्शन करतो, असं ती सांगे. गंमत म्हणजे हयातीत याच डेमोस्थेनिसने पिथियावर संशय घेतला होता, की ती राजा फिलिपच्या बाजूने बोलते! त्याच्याच सांगण्यावरून १८६८ मध्ये आपण न्यूयॉर्कला आलो, असं व्हिक्टोरियाचं म्हणणं. तिथे कोट्यधीश कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या बहिणींच्या विद्येवर खूश झाला. १८७० मध्ये त्याच्या पाठबळावर दोघींनी शेअर दलालीची पेढी काढली. वॉल स्ट्रीटवरची बायकांची ही पहिलीच. त्याच वर्षी स्वतःचं साप्ताहिकही सुरू केलं.

११ जानेवारी १८७१ रोजी ती काँग्रेसच्या न्यायविषयक समितीपुढे उभी राहिली. चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताचा हक्क मिळालेलाच आहे, हा तिचा मुद्दा. समितीच्या बहुमताने तो फेटाळला. पण १८७२ मध्ये ही बाई चक्क राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली! पस्तीस वर्षं पूर्ण व्हायची होती, तरीही.

इथे गाडं अडलं. परलोकातला निरोप सांगणारी बाई लोकांना चालत होती. लग्नात नको तिथे अडकून न पडण्याचा हक्क बाईलाही हवा, हे ती स्वतःच्या नावाने बोलू लागली, आणि व्यंगचित्रकार टॉमस नॅस्टने तिला शिंगं-पंख लावून सैतानीण केलं. मग तिने हेन्री वॉर्ड बीचर या नामवंत धर्मोपदेशकाच्या कथित प्रेमप्रकरणावर लेख छापला. अश्लील मजकूर टपालाने धाडल्याच्या आरोपावरून २ नोव्हेंबरला तिला अटक झाली. ५ नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशी, उमेदवार बाई तुरुंगात! पुढच्या वर्षी ती निर्दोष सुटली, पण तोवर तिची पार दशा झाली होती.

१८७७ मध्ये ती इंग्लंडला गेली, तिथल्या एका बँकरशी लग्न केलं आणि ९ जून १९२७ रोजी तिथेच वारली. १९२० मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, तो तिने हयातीत पाहिला.

तिला खरंच आत्मे दिसत होते का, मला ठाऊक नाही. पण तिच्या डोक्यात जे होतं ते डेमोस्थेनिसचं नव्हतं, एवढं मला पटलंय.

प्रोजेक्ट संपल्यावर मी आईला पुण्याला फोन केला आणि आजोळच्या त्या बाईचं नाव विचारलं. आईला काही केल्या आठवेना. म्हणाली, सगळे तिला देवीचीच म्हणायचे.