गणितानंद कापरेकर गुरुजी

थोरांची चरित्रे म्हटली की राजे, संत, देशभक्त डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी भगिनींपुढे एका शाळामास्तरांचे चरित्र ठेवीत आहे. त्यांच्यापाशी धन नव्हते, मोठी पदवी नव्हती. होते ते फक्त आकड्यांचे वेड.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा नाद. ते गणित मांडताना पाहून मुलालाही आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यास शाळा झाली, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीस शिक्षकाची नोकरी केली.

त्यांचे वेड कसले, ते पाहा. ११ ला ११ ने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१. असे नऊ एक मांडून त्याच संख्येने गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही भली मोठी संख्या येते. पायऱ्या चढाव्या आणि उतराव्या, तसे तिचे अंक! अशा संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले. डोंबिवली स्टेशनाला पूर्वी डेम्लो म्हणत, त्यावरून ते घेतले. या संख्येच्या सर्व अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला भागले तर बाकी काही उरत नाही. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला ते हर्षद, म्हणजे आनंद देणारी, म्हणत.

पण विद्वान मंडळींनी हा पोरखेळ मानला. गुरुजींनी वाद घातला नाही. पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. १९६६ साली पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. तरी आकडे सुटले नाहीत. अखेर १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका नामांकित मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांचा एक खेळ घरी मुलांकडून करून घ्यावा. चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नकोत. तेच अंक मांडून मोठ्यांत मोठी संख्या करा आणि तीतून लहानांत लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे किती वेळा केले तरी ६१७४ च! कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वेळांत तेथेच पोचाल.

याला लागते काय? पाटी, पेन्सिल आणि दुपारचा एक तास. चूल-मूल सांभाळून एवढा वेळ आपल्यालाही काढता येईल. आवडीची विद्या धरून ठेवावी. कोणी तिला मान देवो न देवो, तिचा आनंद आपल्यापासून कोणी हिरावून घेत नाही, हेच गुरुजींच्या आयुष्याने दाखविले.