नेव्ही डायव्हर व्हायचंय? मग कार्ल ब्रॅशिअर माहीत हवा!

नेव्हीचा डायव्हर म्हटलं की आपल्याला पिळदार शरीर आठवतं. कार्ल ब्रॅशिअर मात्र अडकला तो अभ्यासात.

जन्म 1931, अमेरिकेतलं केंटकी राज्य. वडील दुसऱ्याची शेती वाट्याने करायचे. सातवीनंतर शाळा सुटली. 1948 मध्ये तो नेव्हीत गेला. तिथे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला तेव्हा बहुतेक वाढप्याचीच कामं यायची. तरी धमक्यांच्या चिठ्ठ्या पचवून 1954 मध्ये त्याने डायव्हिंग स्कूल पूर्ण केलं.

पुढचा कोर्स खोल समुद्राचा. दर 10 मीटर खाली गेलं की जमिनीवर असतो तेवढा हवेचा दाब आणखी वाढतो. या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईत वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात, जीवही जातो. म्हणून वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं, याचा हिशोब पक्का लागतो. कार्ल नापास झाला. काही वर्षं अभ्यास करून परत गेला आणि पास झाला.

1966 मध्ये स्पेनजवळ समुद्रात पडलेला हायड्रोजन बॉम्ब शोधायच्या मोहिमेत जहाजावर अपघात झाला. एक पाइप डाव्या पायावर आदळला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय लावून तो पुन्हा पाण्यात उतरला. 1968 मध्ये नेव्हीने त्याला परत डायव्हर म्हणून मान्यता दिली. 1970 मध्ये तो तिथला पहिला कृष्णवर्णीय मास्टर डायव्हर झाला.

2006 मध्ये तो गेला. त्याच्या आयुष्यावर 'मेन ऑफ ऑनर' हा सिनेमा आहे. डायव्हर व्हायचं मनात असेल तर नक्की बघा, आणि फिजिक्सचं पुस्तक जवळ ठेवा.