विज्ञानतपस्वी डॉ. शांतिस्वरूप भटनागर

खोबरेल तेलाने माखलेले हात नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाहीत. साबण लावताच होतात. तेल व पाणी यांचे हे वैर कसे मिटते, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाच्या अभ्यासात ज्यांनी आपले तारुण्य वेचले, त्या थोर रसायनशास्त्रज्ञाचे नाव डॉ. शांतिस्वरूप भटनागर.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. अवघ्या आठव्या महिन्यात त्यांचे पितृछत्र हरपले. आजोळी अभियंता आजोबांच्या सहवासात त्यांना यंत्रे व विज्ञान यांची गोडी लागली. लाहोरचे शिक्षण संपवून ते लंडनला गेले आणि प्रा. डोनन यांच्या हाताखाली तेलांचा पृष्ठताण व पायसे यांवर संशोधन करून १९२१ साली डी. एस्‌सी. झाले. पुढे काशी व लाहोर येथे त्यांनी अध्यापन केले.

लाहोरला असताना एक तेल कंपनी त्यांच्याकडे अडचण घेऊन आली. रावळपिंडीच्या बाजूस विहिरी खोदताना वापरला जाणारा चिखल खाऱ्या पाण्याच्या स्पर्शाने घट्ट होई व काम अडून पडे. भटनागरांनी त्यात देशी डिंक मिसळण्यास सांगितले. चिखल पातळ राहिला, काम सुरू झाले. कृतज्ञतेने कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. पोरकेपण भोगलेल्या त्या प्राध्यापकाने स्वतःसाठी काही न घेता ती रक्कम विद्यापीठाच्या स्वाधीन केली. तीतून खनिज तेलाच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

खडकांच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटलेले तेल नुसते पाणी सोडून पुरते निघत नाही. पाण्यात साबणासारखी द्रव्ये मिसळली, की पृष्ठताण घटतो व अडकलेले थेंब सुटून वाहू लागतात. हाताला लागलेल्या खोबरेलाचाच हा न्याय!

१९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले संचालक. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. १ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच परिषदेच्या परिवारातील होय.

विद्यार्थी मित्रांनो, पेडणे-डिचोलीच्या आपल्या मुलांना पावसाळ्यातला चिखल नित्याचाच. त्याच चिखलात एका विद्वानाला शास्त्र दिसले. आणि त्या शास्त्राने मिळालेले धन त्याने विद्येलाच परत केले. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक कठीण, हे ध्यानी असू द्या.